जॅग्वारचा डॅशबोर्ड उतरवताना

जुन्या मोटारीचं इंजिन उतरवायला हौशी माणूस सहसा घाबरत नाही. चेनपुली लावली, माउंटिंगचे बोल्ट सोडले, नळ्या-वायरी सुट्या केल्या, की इंजिन वर येतं आणि जमिनीवर ठेवून चारही बाजूंनी बघता येतं. खरी कसोटी लागते ती डॅशबोर्डापाशी. पुढून दिसतात त्या तबकड्या आणि बटणं. मागे हात घालायला जेमतेम वीतभर जागा, आणि तेवढ्यात गाडीभरच्या वायरी, स्पीडोमीटरची केबल, हीटरच्या नळ्या, वायपरचे दांडे असं सगळं एकमेकांच्या उरावर बसलेलं. तरीही जुनी गाडी पुन्हा उभी करताना डॅशबोर्ड बहुतेक वेळा सजावटीत धरला जातो आणि अगदी शेवटी हातात घेतला जातो. माझ्या मते गणित तिथेच चुकतं. लाकूड चकचकीत करणं हा या कामाचा सोपा भाग आहे. काम जमतं की फसतं, ते त्या लाकडाच्या पाठीमागे ठरतं.

उदाहरणादाखल जॅग्वार मार्क २ घेऊ. १९५९ साली बाजारात आलेली ही चार दारांची सलून इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात बनायची. २.४, ३.४ आणि ३.८ लिटर अशी तीन इंजिनं होती, आणि १९६७ पर्यंत ८० हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. ३.८ लिटरची गाडी ताशी २०० किलोमीटरपर्यंत पळायची. त्यामुळे ब्रिटनमध्ये ती पोलिसांनाही आवडायची आणि बँका लुटणाऱ्यांनाही. (२००८ पासून जॅग्वार आपल्या टाटांकडे आहे, पण मार्क २ घडली त्या काळात असं कुणी भाकीत केलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.) आतली अक्रोडाची सजावट हे या गाडीचं मोठं आकर्षण. विकायला काढलेल्या मार्क २ चे फोटो पाहा, बॉनेटच्या जोडीला डॅशबोर्डाचा फोटो असतोच.

या डॅशबोर्डाची मांडणी समजून घ्यायला तिच्या आधीची गाडी आठवावी लागते. १९५५ च्या मॉडेलमध्ये स्पीडोमीटर आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा रेव्ह काउंटर हे दोन्ही मोठे मीटर मधोमध होते. जॅग्वारच्या गाड्या मोठ्या संख्येने अमेरिकेत जायच्या. मीटर मध्ये असले की स्टिअरिंग डावीकडे असो वा उजवीकडे, डॅशबोर्ड फारसा बदलावा लागत नाही. कारखान्याची सोय झाली, चालवणाऱ्याची मात्र मान तिरकी. मार्क २ मध्ये हे दोन मीटर चालकासमोर आणले आणि मध्यभागी अँमीटर, पेट्रोल, ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान असे चार छोटे मीटर ठेवले. त्यांच्याखाली टॉगल स्विचांची ओळ आली. यामुळे चालकासमोरची फळी आणि ग्लोव्हबॉक्सची फळी देशागणिक बाजू बदलू लागल्या. आज कुणी अमेरिकेतल्या भंगारातून स्वस्तात लाकडी संच मागवला तर तो आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बसत नाही. मधली पाटी मात्र चालून जाते.

या मधल्या पाटीबद्दल दोन शब्द अधिक लिहायलाच हवेत. तिच्या वरच्या कडेला दोन स्क्रू आहेत. त्यांना पाना लागत नाही, बोटांनी फिरतात. ते सोडले की अख्खी पाटी बिजागरीवर पुढे झुकून खाली येते, आणि चारही मीटरांच्या पाठी, स्विचांचे टर्मिनल आणि फ्यूज असं सारं समोर उघडं पडतं. ज्याने हे आखलं त्याला दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या पाठीची काळजी होती, असं वाटल्याशिवाय राहत नाही. हीच कृपा बाकीच्या डॅशबोर्डावर मात्र झालेली नाही. चालकासमोरचे मीटर काढायचे तर आधी पुढच्या सीटा आणि स्टिअरिंग व्हील काढून जागा करावी हे बरं. नाहीतर डोकं पेडलांपाशी, पाय मागच्या सीटवर आणि तोंडात टॉर्च असा योगाभ्यास घडतो.

पहिलं काम मात्र बॅटरीचं कनेक्शन तोडणं. हे सगळेच सांगतात, पण इथे त्याला खास कारण आहे. अँमीटर म्हणजे बॅटरीत किती प्रवाह येतो-जातो ते दाखवणारा मीटर. स्टार्टर सोडला तर गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह या मीटरमधून जातो, आणि त्याच्या जाड तपकिरी वायरींना फ्यूज नसतो. किल्ली बंद असली तरी त्यांत वीज असतेच. पाटी खाली झुकवताना त्याचं टर्मिनल पत्र्याला टेकलं तर फ्यूज उडत नाही, वायर जळते. वर ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश कारखान्यांनी ही पद्धत सोडून निगेटिव्ह अर्थ घेतलं. आजचा रेडिओ किंवा मोबाइलचा चार्जर या गाडीला विचार न करता जोडला तर तो तिथल्या तिथे मरतो.

मग वायरी. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत रंगांना ठरलेला अर्थ असे. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, फ्यूजविना. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजमधून आलेली पण किल्लीवर अवलंबून नसलेली. निळी हेडलाइटची, लाल साइड लाइटची, काळी अर्थची. मुख्य रंगावरची बारीक रेघ त्या वायरीची पोटशाखा सांगते: निळ्यावर पांढरी रेघ असेल तर हाय बीम, लाल असेल तर लो बीम. हे एकदा डोक्यात बसलं की समोरचं जंजाळ वाचता येऊ लागतं. अडचण अशी, की साठ वर्षांत धुळीने आणि तेलाने सगळे रंग एकच झालेले असतात, आणि मधल्या काळात कुणा वायरमनने हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली असते. म्हणून रंगांवर विसंबायचं नाही. प्रत्येक वायर सोडण्याआधी तिला चिठ्ठी बांधायची, आणि चिठ्ठीवर वायरीचा रंग नाही, ती कुठल्या मीटरच्या कुठल्या टर्मिनलवर होती ते लिहायचं. मोबाइलचे फोटो उपयोगी पडतात, पण ते चिठ्ठीच्या जागी नव्हे. फोटोत पुढची वायर मागचीला झाकते.

स्क्रूंचंही तसंच. मीटर आणि स्विचांवर बीए नावाचे बारीक ब्रिटिश आटे असतात. मीटर मागून एका पट्टीने आवळलेला असतो आणि ती पट्टी बोटांनी फिरवायच्या छोट्या चाक्यांनी धरलेली असते. अशी एखादी चाकी गालिच्याखाली हरवली की गॅरेजमधला माणूस डब्यातून पाच मिलिमीटरचा मेट्रिक नट काढतो. तो बसतो, फिरतोही, कारण दोन नंबरच्या बीए आट्याची चाल ०.८१ मिलिमीटर आणि मेट्रिकची ०.८. पण बीएचा व्यास ४.७ मिलिमीटर आहे. नट ढिला राहतो, आवळायला गेलं की आटे सोलतात, आणि मीटर आयुष्यभर खडखडत राहतो. प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळ्या पाकिटात ठेवायचा कंटाळा केला की ही वेळ येते.

आता मीटर. यांच्या आत काय चालतं ते कळलं तर निम्म्या दुरुस्त्या मीटर न उघडताच होतात. स्पीडोमीटरमध्ये वीज नसतेच. गिअरबॉक्सकडून येणारी लवचीक केबल एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाला न टेकता त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची छोटी वाटी असते. चुंबक फिरला की वाटीत भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते, पण केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. वेग जितका जास्त तितकी ओढ जास्त, तितका काटा पुढे. काटा थरथरत असेल तर दोष बहुधा मीटरचा नसतो. केबल कुठेतरी काटकोनात वळलेली असते, किंवा तिच्यातलं ग्रीस सुकून डिंक झालेलं असतं. ग्रीस घालतानाही हात आखडता घ्यावा. जास्त झालं तर ते केबलीतून चढत चढत मीटरच्या पोटात जातं आणि वाटीला चिकटवून टाकतं. तबकडीवर एका कोपऱ्यात बारीक आकडा छापलेला असतो, एका मैलात केबलीचे किती फेरे व्हावेत ते सांगणारा. मागच्या अॅक्सलचं गिअर प्रमाण किंवा टायरचा आकार बदलला असेल तर मीटर कितीही निर्दोष असो, वेग चुकीचाच दाखवणार.

मार्क २ चा रेव्ह काउंटर वेगळाच प्राणी आहे. कॅमशाफ्टच्या टोकाला बसवलेल्या चिमुकल्या जनरेटरकडून त्याला वीज मिळते, बॅटरीशी त्याचा काही संबंध नाही. तो बंद पडला की वायरमन डॅशबोर्डामागे फ्यूज शोधत बसतात आणि दोष इंजिनाच्या माथ्यावर असतो.

पेट्रोल आणि तापमानाचे काटे हळूहळू चढतात, गाडी वळली-आदळली तरी उड्या मारत नाहीत, हे कधी निरखून पाहिलंय? त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत हे मीटर उष्णतेवर चालायचे. आत दोन धातूंची जोडपट्टी, तिच्याभोवती बारीक तार. तारेतून प्रवाह गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा सरकवते. पण गाडीचा व्होल्टेज कधी बारा, कधी चौदा. म्हणून डॅशबोर्डामागे काडेपेटीहून लहान एक डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तीही तशाच जोडपट्टीने प्रवाह सतत जोडते-तोडते आणि मीटरांना सरासरी १० व्होल्ट पुरवते. तिचं अर्थ नीट लागलं नाही तर हे तोडणं थांबतं, मीटरांना पूर्ण व्होल्टेज मिळतो आणि दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागतात. टाकीत पेट्रोल खूप आणि इंजिनही तापलेलं, असा चमत्कार दोन्हीकडे एकाच दिवशी दिसला तर रेडिएटर उघडण्याआधी ही डबी तपासावी.

सगळे मीटर असे विजेवर चालत नाहीत, एवढं लक्षात ठेवावं. एमजीबी या त्याच काळातल्या छोट्या स्पोर्ट्‌स कारच्या सुरुवातीच्या मॉडेलांत तापमानाचा मीटर, ईथर भरलेली बारीक तांब्याची नळी आणि इंजिनात बुडणारा तिचा फुगा हे सगळं अखंड एकच असतं. मीटर पुढून ओढला आणि नळीला घडी पडली की ईथर उडून जातं आणि मीटर संपतो. तिथे सुरुवात इंजिनाच्या बाजूने करावी लागते. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या एखाद्या मीटरची तबकडी अंधारात चमकायला रंगवलेली असेल, तर ती खरवडू नये, काच उघडून फुंकरही मारू नये. तेव्हाच्या अशा काही रंगांत रेडियम असे. चमक कधीच गेलेली असते, किरणोत्सर्ग तेवढाच राहिलेला असतो.

एवढं झाल्यावर लाकूड. डॅशबोर्ड अक्रोडाचा म्हणतात, पण अक्रोड वर दिसतं तेवढंच, मिलिमीटरहूनही पातळ विनियरचं. खाली दुसरं लाकूड किंवा प्लाय. हे विनियर झाडाच्या गाठाळ, फुगलेल्या भागातून काढतात. तिथे असंख्य सुप्त कोंब दाटीने असल्यामुळे रेषा सरळ न जाता भोवऱ्यांसारख्या फिरतात. एकाच गाठीचे लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तक उघडल्यासारखे शेजारी मांडले की डावी-उजवी नक्षी आरशातल्यासारखी जुळते. चांगल्या गाडीत ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावरची रेष भोवतीच्या चौकटीत अखंड पुढे जाते. म्हणूनच एकच फळी खराब झाली तरी जाणकार माणूस तेवढीच बदलायला कां-कूं करतो. ती सुंदर होईल, पण शेजारणीशी तिचं जमणार नाही.

लाकूड बिघडतं ते दोन कारणांनी. विंडस्क्रीनच्या रबरातून झिरपणारं पाणी कडेकडेने विनियर उचलतं, आणि ऊन वरचं लॅकर पिवळं करून तडकवतं. पुष्कळदा नक्षी शाबूत असते, खराब झालेलं असतं ते लॅकर. ते काढायला घासायचं मशीन लावणं म्हणजे आत्मघात. पातळ विनियर क्षणात पार होतं आणि खालचं लाकूड डोळे वटारतं. रसायन लावून, मऊ पडलेला थर बोथट पात्याने हलकेच उचलायचा, यापलीकडे सुरक्षित मार्ग नाही. नवं विनियर चढवायचं तर ते कुरकुरीत पापडासारखं वाकडंतिकडं येतं. त्याला पाणी, ग्लिसरीन आणि स्पिरिट यांच्या मिश्रणाने ओलसर करून, कागदांच्या थरात, वजनाखाली सपाट होऊ द्यावं लागतं. घाई केली की गाठींपाशी चिरा पडतात.

मीटरची भोकं हा तर स्वतंत्र अध्याय. विनियर भोकावरून सलग चिकटवतात आणि सुकल्यावर धारदार पात्याने पुढच्या बाजूकडून आत कापतात. मागून ढकललं तर कडेचे टवके उडतात. मग लॅकरचे एकावर एक हात, मधूनमधून पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, शेवटी दोन हजार नंबरपर्यंत. इथे एक गंमत होते. प्रत्येक हातागणिक भोकाच्या आतल्या कडेवरही थर चढत जातो. सगळं आरशासारखं झालं की मीटर घालायला जावं, तर भोक लहान! दाबून बसवला की लॅकर कडेने तडकतं आणि साऱ्या मेहनतीवर पाणी फिरतं. भोकाची आतली बाजू आधीच चिकटपट्टीने झाकावी, किंवा मधूनमधून प्रत्यक्ष मीटर घालून पाहावा.

किती चमकवायचं हा प्रश्न वेगळा. आजकाल नव्याने केलेले बरेच डॅशबोर्ड इतके जाड आणि काचेसारखे दिसतात की खालचं अक्रोड छापील वाटू लागतं. कारखान्यातून निघालेली गाडी तशी नव्हती. मीटरच्या तबकड्या थोड्या पिवळसर झाल्या असतील तर त्या तशाच राहू द्याव्यात, या मताचा मी आहे. काच पुसावी, कडा साफ करावी, आणि पांढरे आकडे नव्याने रंगवायचा मोह आवरावा. गाडी किती चालली ते सांगणारे मैलांचे आकडे तर हलवूच नयेत. मीटर बदलावाच लागला तर जुन्यावरचा आकडा लिहून गाडीच्या कागदपत्रांना जोडावा.

आता सगळं परत बसवलं, बॅटरी जोडली, आणि अर्धे मीटर मेलेले. हे इतक्या वेळा घडतं की त्याचं कारण सांगायलाच हवं. पत्र्याच्या डॅशबोर्डात पत्रा स्वतःच अर्थचं काम करतो. मीटरचं धातूचं घर पत्र्याला टेकलं की परतीचा रस्ता तयार. त्या पत्र्याला मागून-पुढून नवा रंग मारला की रस्ता बंद. बसवण्याच्या जागी रंग खरवडावा लागतो, किंवा दातेरी वायसर घालावा लागतो. लाकडातून तर वीज जातच नाही. त्यामुळे लाकडी डॅशबोर्डात प्रत्येक मीटरला, प्रत्येक दिव्याला स्वतःची काळी वायर हवी. उतरवताना या काळ्या वायरी बिनमहत्त्वाच्या वाटतात आणि चिठ्ठी न बांधताच सोडल्या जातात. म्हणूनच लाकूड गाडीत चढवण्याआधी बॅटरीवर चालणारे सगळे मीटर टेबलावरच जोडून, लहान फ्यूज लावलेल्या बॅटरीवर एकेक तपासून घ्यावेत, आणि मीटरमधले सगळे छोटे बल्ब त्याच वेळी नवे घालावेत. नंतर एका बल्बसाठी पुन्हा सीटा काढायची वेळ कुणावर येऊ नये.

लाकूड आणि उघडा पत्रा यांचं राज्य साठच्या दशकाअखेर आटोपलं. १९६५ साली राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ आलं. गाडी आदळते ती पहिली टक्कर, आणि आतला माणूस डॅशबोर्डावर आदळतो ती दुसरी, हा मुद्दा त्यात ठासून मांडला होता. १९६८ पासून अमेरिकेत नव्या सुरक्षा अटी लागू झाल्या. तिकडे जाणाऱ्या जॅग्वार ई-टाइपचे टोकदार टॉगल स्विच गेले आणि चपटे रॉकर आले. एमजीबीच्या पत्र्यावर जाड गादी चढली आणि ग्लोव्हबॉक्स गायब झाला. ती ॲबिंग्डनला बनायची म्हणून या डॅशबोर्डाला ‘ॲबिंग्डनची उशी’ असं टोपणनाव पडलं. माणसं वाचली हे खरं, पण जुनी गाडी सांभाळणाऱ्याचं काम अवघड झालं. व्हायनिल मऊ ठेवणारं द्रव्य उन्हात हळूहळू उडून जातं आणि गाडीच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. मागे उरतं ते कडक, भेगाळलेलं कातडं, आणि खालचा फोम चिमटीत धरला की भुगा होतो. लाकडाला निदान पुन्हा पॉलिश करता येतं.

आपल्याकडे या कामाची ओळख बहुतेकांना झाली ती कुर्ल्यात बनणाऱ्या फियाट आणि प्रीमियर पद्मिनीमुळे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. आता हौशी लोक जुन्या पद्मिनी शोधतात, आणि डॅशबोर्डावर पहिल्यांदा सापडतात ती भोकं. पंख्याची, स्पीकरची, देवाच्या फोटोची, नंतर घातलेल्या चार-दोन स्विचांची. पत्रा असल्यामुळे मागून तुकडा लावून वेल्डिंग करता येतं, वर पुटीचा हलका हात आणि मूळ रंग. पत्रा तापून लाटेसारखा होऊ नये म्हणून एका दमात न करता ठिपका-ठिपका वेल्डिंग करणारा टिंकर मात्र हवा. लाकडी फळीत कुणी रेडिओसाठी चौकोन कापला असेल तर असा इलाज नाही. खाच भरून निघते, पण वरचं विनियर पूर्ण नवं घ्यावं लागतं.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत मार्क २ सारखी लाकडी गाडी ठेवायची, तर शेवटची एक काळजी अशी की फळीची मागची बाजू कोरडी सोडायची नाही. पुढून लॅकरचे दहा हात आणि मागे कच्चं लाकूड असं असेल तर पावसाळ्यात मागून ओल शिरते, फळी धनुष्यासारखी वाकते आणि विनियर मधोमध सुटतं. मागेही दोन-तीन हात द्यावेत. लाकूड आणि पत्रा यांच्यामध्ये फेल्टची पातळ पट्टी घालावी, म्हणजे कुरकुर ऐकू येत नाही. स्क्रू पहिल्या खेपेला हातानेच, बेताचे आवळावेत. एक पावसाळा आणि एक मे महिना जाऊ द्यावा, मग सीटा न काढता जेवढ्यांपर्यंत पोचता येईल तेवढे अर्धा-पाव फेरा आवळून घ्यावेत.